सरांच्या हातात दिलेला माइक

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो. माझी जाळी चेपली आहे आणि वायरीला जागोजागी चिकटपट्टी आहे. कारखान्यातून मी या वसाहतीच्या सभागृहात आलो, तेव्हा मला मखमली पेटीत ठेवत. मुले माझ्यासमोर कविता म्हणताना अडखळत आणि मी त्यांचे अडखळणेही इमानाने शेवटच्या रांगेपर्यंत पोचवी.

सभागृहामागे नगरपालिकेची एक रिकामी जागा होती. तिचे काय करायचे, हे रहिवाशांनी ठरवायचे होते. निम्म्यांना बाग हवी होती, निम्म्यांना वाहनतळ. सभा हमरीतुमरीवर आली. तेवढ्यात सरकारी रुग्णालयातल्या सिस्टर उठल्या. त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे यजमान पूर्वी इथल्याच शाळेत सर होते. आता त्यांना काही आठवत नसे.

"मी ड्यूटीवर जाताना ह्यांना आत ठेवून कुलूप लावते," त्या म्हणाल्या. "अशी माणसं आणखीही घरांत आहेत. त्यांना दिवसभर बसायला तिथं एक खोली बांधू या. एवढंच."

मग वसाहतीचे अध्यक्ष, म्हणजे आपले कापड दुकानदार, हसत म्हणाले, "सरांनाच विचारू की!" आणि त्यांनी मला सरांच्या हातात दिले.

सर खुलले. ताठ उभे राहिले. "मुलांनो, गडबड नको. हजेरी घेतो."

"हजर, सर!" मागून कोणीतरी ओरडले. मग दुसरा, मग सगळी रांग. त्यातले बरेचजण खरोखरच त्यांचे विद्यार्थी होते. सर आनंदाने मान डोलावत राहिले. त्यांची विजार ओली झाली, तेव्हा हशा आणखी वाढला. सिस्टरांनी मला त्यांच्या बोटांतून सोडवले आणि म्हणाल्या, "चला, शाळा सुटली."

ती दोघे गेल्यावर बाग हवी असणाऱ्यांपैकी एक बाई म्हणाल्या, "खोली नको हं. त्यापेक्षा तुमचा वाहनतळ बरा." सगळ्यांचे लगेच जमले. चहा आला.

वाहनतळाचे काम चालू असताना एके सकाळी सर शाळेत जायला निघाले. दाराला कुलूप होते, म्हणून खिडकीतून निघाले. घर तिसऱ्या मजल्यावर होते.

शोकसभेत अध्यक्षांनी मला हातात घेतले. "असा शिक्षक पुन्हा होणे नाही! वाहनतळाला आपण सरांचंच नाव देऊ." टाळ्या झाल्या. दोन शब्द बोला, म्हणून मला सिस्टरांपुढे धरले. त्यांनी माझे बटण बंद केले, मला खुर्चीवर ठेवले आणि त्या निघून गेल्या.

आता बिनतारी माइक आला आहे. मी कपाटात पडून असतो. मित्रांनो, मला कोरडे ठेवा, माझी वायर ओढू नका. आणि गंमत म्हणून मला कोणाच्या हातात देऊ नका. मला नाही म्हणता येत नाही.