पोखर्णीला सोडलेली मांजर

"आवं, मी सोडा म्हणलं आन् तुमी लगीच सोडून आलात? डोस्कं कुठं ठिवलं हुतं?" कडूबाई दारातूनच नवऱ्यावर खेकसली.

बाजेवर तंबाखू मळणाऱ्या परमेश्वरचा हात जागीच थांबला. काल सकाळी हीच बाई म्हणाली होती की आता घरात ती मांजर तरी राहील, न्हाईतर मी. साय गेली होती, विरजण सांडलं होतं, कडूबाईनं गल्ली डोक्यावर घेतली होती. मग त्यानं मांजरीला पोत्यात कोंबलं, वाट विसरावी म्हणून गावाभोवती मोटरसायकलचे चार वळसे घातले आणि दहा किलोमीटरवर पोखर्णीला देवळाच्या वाटेवर सोडून आला. मांजर घालवायची ती अशीच. मारायची छाती कुणाची होत नाही.

"आता काय झालं?"

"भुसाच्या खोलीत जाऊन बगा काय झालं ते."

सोयाबीनच्या भुसात तीन पिल्लं होती. डोळे मिटलेली, उंदराएवढी. कालपासून ओरडून ओरडून त्यांचा आवाज आत गेला होता. कडूबाईनं कापसाची वात दुधात भिजवून तोंडाला लावली. दूध गालावरून ओघळलं, एकानंही चोखलं नाही.

तिनं कपाळ बडवून घेतलं. स्वतः तीन लेकी जन्माला घातलेली, भावकीतल्या प्रत्येक बाळंतपणाला हजर असणारी बाई. पण रोज पायात घोटाळणाऱ्या मांजरीचं पोट उतरलेलं तिला दिसलं नाही. ती साय का चोरत होती, हेही कळलं नाही.

"गाडी काढा," ती म्हणाली.

"आगं, ऊन बग की जरा."

"काढा म्हणते ना!"

पोखर्णीत दोघांनी सगळं पालथं घातलं. रसवंतीची बाकडी, नारळाची दुकानं, देवळामागची गटारं. "मने, ए मने" करून कडूबाईचा घसा बसला. घरी तिनं मांजरीला कधी नावानं हाक मारलीच नव्हती, हातात काठी घेऊन हाकललंच होतं. आता ती कशाला ओ देणार?

"काळी-पांढरी? मावशी, इथं तसल्या धा हिंडायल्यात," नारळवाला म्हणाला.

दिवस कलला. परमेश्वर हळूच म्हणाला, "चल आता. पिल्लं ऱ्हायली असतील का कुणाला ठावं."

कडूबाई रस्त्याच्या कडेला मटकन बसली आणि चारचौघांत रडली. लाज वाटायलाही जीव उरला नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या अंगणात रिकाम्या बादलीत दुधाची पहिली धार वाजली. कडूबाई ताडकन उठली. घरी हा आवाज झाला की मांजर गावात कुठंही असली तरी पळत यायची. अंगणात एक बाई म्हशीखाली बसली होती. तिचं नाव लीला.

"ताई, येवढी धार मला काढू द्या."

"कोण तुमी? माझी म्हैस परक्या हाताला पान्हा चोरती."

कडूबाईनं रडतरडत सगळं सांगितलं. लीला म्हणाली, "मीच काढते. तुमी जवळ बसा, आन् घरी म्हशीसंगं बोलता तसं बोला."

कडूबाई बसली. "उभी ऱ्हा माय, उभी ऱ्हा. लाथ नको मारू, माझी गुणाची बाय ती..." बादली निम्मी भरली. ती बोलतच राहिली.

गोवऱ्यांच्या ढिगाआडून एक काळं-पांढरं डोकं वर आलं.

परमेश्वर पोतं घेऊन पुढं झाला. पोतं दिसताच मांजर मागं पळाली.

"फेका ते!" कडूबाई ओरडली. "आधी फेका ते पोतं!"

लीलानं झाकणात कोमट दूध ओतलं. पोटाच्या भुकेपुढं भीती हरली. मांजर दुधाशी आली आणि कडूबाईनं तिला पदरात गुंडाळलं. आचळं दगडासारखी टणक झाली होती. नखांनी मनगट फाडलं, रक्त आलं, पण घरापर्यंत कडूबाईनं पकड सोडली नाही. "चल माय, लेकरं हायत तुझी," एवढंच ती गाडीवर म्हणत होती.

दिवेलागणीला तिनं मांजर भुसात सोडली. दोन पिल्लं वळवळत होती, तिसरं गार पडलं होतं. मांजरीनं तिघांना चाटलं आणि आडवी झाली. दोघं चोखायला लागली. कडूबाईला उंबऱ्यावर बसून हुंदका आवरेना.

बऱ्याच वेळानं मांजर उठली. एका पिल्लाला मानेशी धरलं आणि भिंतीवरून शेजारच्या लक्ष्मीबाईच्या पडक्या गोठ्यात नेऊन ठेवलं. परत आली.

"आगं, चालली की ती! दार लाव!" परमेश्वर धावला.

"नका लावू."

"एवढी वणवण करून आणली, आन् आपल्या घरात ऱ्हाईना व्हय?"

"काहून ऱ्हाईल?" कडूबाई म्हणाली.

दुसरं पिल्लूही गेलं. मांजर तिसऱ्यांदा आली आणि गार पिल्लापाशी वाकली.

"ते मेलंय माय, ते ठिव," कडूबाई पुटपुटली.

मांजरीनं ऐकलं नाही. तिनं तेही तोंडात धरलं. कडूबाईनं उंबऱ्यावरचे पाय आवळून घेतले आणि तिला वाट दिली.