पाचव्या प्रहराचा फोटो

मीनळ मांकडला मी आता मैत्रीण म्हणत नाही. आमच्या पालडी भागात कुणी विचारलंच तर 'ओळख होती' एवढंच सांगते.

आमच्या अमदावादेत दर पावसाळ्यात 'आठ प्रहर' नावाची फोटोंची स्पर्धा भरते. सूर्योदयाला सुरू होते, दुसऱ्या सूर्योदयाला संपते. दोघांची जोडी, एक कॅमेरा आणि सकाळी हातात मिळणारं एक कोरं कार्ड. प्रत्येक प्रहराला एक विषय आणि प्रत्येक विषयाला एकच फोटो. नको झालेला फोटो पुसता येत नाही. पुसला तर क्रमांकात खड्डा पडतो आणि जोडी बाद होते. प्रदर्शनात फोटोखाली जोडीची नावं आणि फोटो घेतल्याची वेळ छापतात. शहराचा अख्खा दिवस त्यातून दिसतो म्हणे.

मी आणि मीनळ कॉलेजपासूनच्या जोडीदार. ती नागर ब्राह्मण, मी जैन. सूर्य बुडायच्या आत आमच्याकडे जेवणं उरकतात हे तिच्या अंगवळणी इतकं पडलेलं, की तीच मला ओरडायची, "चल गं पन्ना, तुझा सूर्य निघाला!" यंदा बक्षीस घ्यायचंच असं तिनं ठरवलं होतं. मला बक्षिसाचं काही नव्हतं. एक दिवस घराबाहेर पडायला मिळतं, तेवढ्यावर मी खूश होते.

घर म्हणजे नवरा परेश आणि सासूबाई कंचनबा. बांनी नाकावर माशी बसू दिली नाही कधी. सासरे गेले तेव्हापासून त्यांचा चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. उपाश्रयात, म्हणजे आमचे साधू उतरतात त्या जागी, बायकांना तो नेम त्याच देत. शेजारच्या जसूदबेन एकदा अंधार पडल्यावर ढोकळा खाताना सापडल्या, तर बांनी त्यांना सगळ्यांसमोर असं झापलं की त्या महिनाभर मागच्या जिन्यानं ये-जा करत होत्या.

आणि या बा गेल्या होळीनंतर संध्याकाळी न्हाणीघरात कोसळल्या. साखर उतरली होती. नुकतंच इन्सुलिन सुरू झालेलं. डॉक्टर म्हणाले, रात्री पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर एक दिवस उठणार नाहीत. उपाश्रयातल्या महाराजसाहेबांना विचारून सवलत घ्या, असं मी सुचवलं. बांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच सोडला. मग एका संध्याकाळी त्या स्वतःच स्वयंपाकघरात आल्या.

"पन्ना, दे काय द्यायचं ते. पण हे तुझ्यात आणि माझ्यात. परेशलासुद्धा नाही."

तेव्हापासून दररोज दिवा न लावता मी त्यांना एक मेथीचा खाखरा आणि कोमट दूध द्यायची. बा उभ्यानं खायच्या, डोळे मिटून. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघी खऱ्या अर्थानं एका घरात राहायला लागलो ते त्या खाखऱ्यापासून. माझं कौतुक त्यांनी कधी तोंडानं केलं नाही. फक्त खाऊन झालं की माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर जायच्या.

स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला, म्हणून आम्ही बॅटऱ्या चार्ज करायला माझ्या घरी आलो. पाचव्या प्रहराचा विषय होता 'घरातला उजेड'. मीनळ बैठकीत आडवी झाली. परेश दुकानात होता. मी गच्चीवर वाळत टाकलेले कपडे काढायला धावले. बांना वाटलं, मीनळला झोप लागली. त्या एकट्याच स्वयंपाकघरात गेल्या, फ्रिज उघडला आणि त्या उजेडात खाखरा मोडला.

मी खाली आले तेव्हा मीनळ कॅमेरा घेऊन दारात उभी होती आणि बांच्या हातातला तुकडा तसाच होता.

"बा, रागावू नका, उजेड काय पडला होता तुमच्या चेहऱ्यावर!" मीनळ म्हणाली.

बा माझ्याकडे वळल्या. "पन्ना, हे घरात तू आणलंस."

"मीनळ, पूस तो," मी म्हटलं.

"पुसते की. बा, आईची शपथ घेऊन सांगते, कुणाला दिसणार नाही."

"शपथ नको," बा म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोर पूस."

मीनळनं तो पुसला. पडदा बांच्या तोंडासमोर धरला आणि दोनदा दाखवला. बांनी तुकडा डब्यात परत ठेवला. त्या संध्याकाळी मी हातापाया पडून त्यांना नुसतं दूध पाजलं.

जिना उतरताना मी मीनळला म्हटलं, "आपण बाद झालो गं. तुझं बक्षीस गेलं."

"जाऊ दे मरो. बांपुढे बक्षीस कसलं?"

तिच्या स्कूटरवर मागं बसून मी रडले. अशी मैत्रीण मिळायला पुण्याई लागते असं मला वाटत होतं. उरलेले तीन प्रहर आम्ही नुसत्या हौसेनं फिरलो. पहाटे नदीकाठच्या मांडवात कार्ड द्यायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "तू चहा सांग दोन, मी देऊन येते." मी चहा सांगितला. तिच्या चहात जास्त आलं घालायला लावलं, तिचा घसा बसला होता म्हणून.

तिच्या कॅमेऱ्यात दोन खोबणी आहेत. एकीत स्पर्धेचं कार्ड, दुसरीत तिचं स्वतःचं, आणि प्रत्येक फोटो दोन्हीकडे उतरतो. पुसला तो तिच्या कार्डावरचा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, त्या वेळी सुचलं नाही. मैत्रिणीचे खिसे कोण तपासतं?

पर्युषण, आमचं आठ दिवसांचं व्रतपर्व, सुरू झालं त्याच आठवड्यात निकाल लागला. पहिलं बक्षीस त्या फोटोला. आश्रम रोडच्या दालनात तो पुरुषभर उंचीचा टांगला होता आणि दुपारपर्यंत उपाश्रयातल्या प्रत्येक बाईच्या मोबाइलवर पोचला. परीक्षकांनी लिहिलं होतं, एका वृद्धेच्या चेहऱ्यावरचा अपूर्व उजेड. आमच्या बायकांनी उजेड बघितलाच नाही. त्यांनी खालची वेळ वाचली. रात्री आठ वीस. आणि त्याखाली नावं: मीनळ मांकड, पन्ना शाह.

मी तिला फोन लावला.

"अगं, अर्धा चेहरा अंधारात आहे. कोण ओळखतंय?" मीनळ म्हणाली.

"सगळा उपाश्रय ओळखतोय! तू आईची शपथ घेतली होतीस!"

"पन्ना, ऐक. इतकी वर्षं घासते आहे मी. असा फोटो जन्मात एकदा मिळतो. तो टाकून द्यायचा? बांनी काय चोरी केलीय? आजारी बाई खाणार नाही तर काय! आणि तुझं नाव घातलंय ना मी? एकटीनं नाही खाल्लं."

माझं नाव घातलं, हा तिचा उपकार होता. तो उपकार करूनच तिनं केसानं गळा कापला. मी फोन ठेवला तो ठेवलाच.

बा उपाश्रयातून लवकर परतल्या. जसूदबेननी भर सभेत हसून म्हटलं होतं, "कंचनबेन, फोटो झकास आलाय हो. वेळ तेवढी चुकीची छापलेली दिसते." त्या संध्याकाळी बायकांना नेम द्यायला दुसरीच बाई उभी राहिली.

मी बांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. दोन खोबणी, दोन कार्डं, मीनळचा कावा. कागदावर चित्र काढून दाखवलं. बांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला कार्डं कळत नाहीत," त्या म्हणाल्या. "नाव वाचता येतं."

मग संवत्सरी आली. त्या दिवशी वर्षभरातल्या चुकांची सगळ्यांनी सगळ्यांकडे क्षमा मागायची. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत हात जोडायचे, समोरच्यानंही तेच म्हणायचं. मीनळचाही संदेश आला. कमळाचं चित्र, खाली सोनेरी अक्षरं. तिच्या फोनमधल्या झाडून सगळ्यांना गेलेला, त्यात मीही. मी तो पुसला.

प्रतिक्रमणाची प्रार्थना आटोपून बा बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारात हात जोडून आल्या, जसूदबेनच्यासुद्धा. शेवटी घरात आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"पन्ना, मनानं, वाणीनं, कायेनं तुला दुखवलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्."

आता मला तेच म्हणायचं होतं. दरवर्षी म्हणते, पोटातून म्हणते. पण आज म्हटलं तर तो कबुलीजबाब ठरणार होता. न म्हणावं, तर या दिवशी वैऱ्यालाही कुणी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही, आणि ही तर माझी बा. परेश दारात उभा राहून बघत होता. बांचे जोडलेले हात हलत नव्हते.

"मिच्छामि दुक्कडम्, बा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. याच शब्दाची त्या इतके दिवस वाट बघत होत्या.

"केलं माफ. मनात काही ठेवलं नाही मी. पण उद्यापासून संध्याकाळी माझ्यासाठी थांबू नकोस. माझा चौविहार आहे."

"बा, मी नाही हो केलं! आणि साखर उतरेल, डॉक्टरांनी..."

"झालं ना आता. माफ केल्यावर पुन्हा तो विषय नको."

त्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली. परेशनं सुटकेचा श्वास टाकला. "चला, मिटलं एकदाचं," असं म्हणून तो झोपायला गेला.

तेव्हापासून रोज दिवेलागणीनंतर मी त्या दाराशी जमिनीवर बसते. कान लाकडाला लावून. बा पडल्या तर निदान आवाज तरी यावा.