सोनाबाईचा अंगठा उठला

रेशन दुकानात नारळ फुटला तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन रस्त्यापलीकडे उभा होतो. नारळ देवापुढे नव्हे, अंगठा लावायच्या मशीनपुढे फुटला होता. दुकानदार धनेशने मशीनला हळदकुंकू वाहिले, कुणीतरी घंटा आणली, आणि गर्दीच्या मधोमध सोनाबाई आपला उजवा अंगठा वर धरून उभी होती, निवडणूक जिंकल्यासारखी.

"मास्तर, उठला!" मला बघून ती ओरडली. "माजा अंगठा उठला! बाबांनी रेघा परत दिल्या."

सोनाबाईचे निम्मे आयुष्य मिठागरात गेले. खाऱ्या पाण्याने तिच्या बोटांवरच्या रेघा पार घासून नेल्या. मिठागर बुजले, त्यावर नवीन पनवेलकडून सरकत आलेल्या इमारती उभ्या राहिल्या, पण रेघा काही परत आल्या नाहीत. दर महिन्याला ती पाच-सहा वेळा अंगठा दाबायची, लाल दिवा लागायचा आणि धनेश म्हणायचा, "मावशी, उद्या या." तिच्यासारख्या गावात तीसेक बायका होत्या.

बाबा गावच्या देवळात तीन आठवड्यांपासून मुक्कामाला होता. मी निवृत्त विज्ञान शिक्षक. कित्येक शाळांत लिंबातून रक्त काढून दाखवलेला माणूस. घरी थोडाच बसणार? तडक देवळात गेलो.

"ब्रह्मदेवाने लिहिलेली ओळ कलियुगाने पुसली, माउली!" बाबा गात होता. "आपण ती पुन्हा गिरवू. पण देवीला नुसतं नाव पुरत नाही. एका नावाच्या शंभर बाया. नंबर मात्र ज्याचा त्याचा! आणि लक्ष्मी कुठल्या बँकेत बसवलीय, तेही संकल्पात सांगा."

बायका आधार कार्डाची झेरॉक्स ताटात ठेवत होत्या. मग पाव तास हात कोमट पाण्यात, नंतर चिकट तीर्थाने चोळायचे, आणि शेवटी अंगठा मऊ मेणाच्या चकतीवर दाबायचा. ती चकती देवीच्या पायाशी राहायची. दक्षिणा? शिव शिव! बाबा पैशाला शिवतही नव्हता.

मी तीर्थ बोटावर घेऊन चाखले. गोड लागले. "ग्लिसरीन!" मी भर मंडपात म्हणालो. "कोरडी कातडी भिजली की पुसट रेघा वर येतात. चमत्कार कसला?"

बाबाने हात जोडले. "गुरुजी, विज्ञान तरी कुणाचं? देवीचंच." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तरी मी खुशीत घरी आलो आणि बायकोला सगळे रंगवून सांगितले. वसुंधरा पोळी लाटत होती. तिने विचारले, "पैसे घेत नाही, मग त्याला मिळतं काय?"

"प्रसिद्धी," मी म्हणालो आणि जेवायला बसलो. माझी अक्कल तेवढ्यावरच थांबली.

दोन महिन्यांनी सोनाबाईची नात प्रांजल पासबुक घेऊन आली. बाबा कधीच निघून गेला होता. शेवटचा जमिनीचा तुकडा विकून आजीने तिच्या नर्सिंगच्या फीसाठी पैसे ठेवले होते. खात्यात दोनशे चौदा रुपये उरले होते. दहा-दहा हजार, आठ वेळा, कुठल्याशा परराज्यातल्या पैसे काढायच्या केंद्रातून.

"सर, कार्ड नाही, पिन नाही. आजीच्या अंगठ्यावर काढलेत," प्रांजल म्हणाली. "आजी तळोज्याच्या पुढे गेली नाहीये."

तेव्हा मला ते मेण आठवले.

धनेशच्या दुकानात मी गाव गोळा केला. माझा अंगठा मेणात दाबला, त्या ठशावरून पातळ पापुद्रा तयार केला आणि तो धनेशच्या बोटावर चिकटवला. धनेशने माझ्या रेशनकार्डाचा नंबर टाकून ते बोट मशीनवर ठेवले. कुंकू लागलेल्या त्या मशीनवर माझे नाव आले.

"ठसा, नंबर आणि बँकेचं नाव," मी म्हणालो. "तिन्ही गोष्टी तुम्ही आपल्या हाताने दिल्यात."

मग देवळाच्या कमिटीचा बळीराम म्हणाला, "बाबा देवमाणूस. चेल्यांनी केला असंल." आणि निम्म्या माना हलल्या.

बँकेत सांगितले, अंगठा तुमचाच जुळलाय. पोलिसांनी अर्ज ठेवून घेतला. फीची तारीख गेली. प्रांजल तळोज्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली.

मी सोनाबाईच्या घरी गेलो आणि आधारमधल्या अंगठ्याला कुलूप कसे लावायचे, म्हणजे आपण उघडल्याशिवाय तो कुठेच चालणार नाही, ते समजावू लागलो. पण त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपीचा आकडा येतो, आणि तिचा जोडलेला नंबर गेलेल्या नवऱ्याचा, बंद पडलेला. नंबर बदलायला आधार केंद्रावर गेलो तर तिथे आधी अंगठाच मागितला. तो पुन्हा उठेनासा झाला होता.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "मास्तर, त्या कोमट पान्याचा तुमाला आदीपासून म्हाईत व्हता?"

"हो."

"मंग इतकी वर्सा आमाला का नाय सांगितलंत?"

दर महिन्याला भाजी घेताना मी ती रांग बघत होतो.

आता रेशनच्या दिवशी मी धनेशच्या दुकानाबाहेर कोमट पाण्याचे घमेले आणि ग्लिसरीनची बाटली घेऊन बसतो. मागे फळा टांगलाय: अंगठ्याचा ठसा कुणालाही देऊ नका. आधारची झेरॉक्स ताटात टाकू नका. मोबाइल नंबर चालू ठेवा, अंगठ्याला कुलूप लावा. फुकट देणाऱ्याला आधी विचारा, तुला काय मिळतं?

पहिल्याच दिवशी मिठागरातलीच एक म्हातारी, भामा, आली. तिने हात भिजवले, चोळून घेतले, मशीनवर अंगठा लावून धान्यही घेतले. मग पिशवी खाली ठेवून परत माझ्यापुढे बसली आणि अंगठा पुढे केला.

"मास्तर," ती म्हणाली, "मेण कुठं हाय?"