कोश कुणाच्या नावावर

"काकू, तुम्ही पुढे बसा ना," असं म्हणून अर्चना प्रकाशनाला आलेल्या पाहुण्यांकडे वळली. लंडनच्या पिनर उपनगरातून दोन गाड्या बदलून केंब्रिजला आलेल्या सुप्रभाबाई पहिल्या रांगेत टेकल्या. मांडीवर अर्चनाचं नवंकोरं पुस्तक होतं, अमेरिकेतल्या रेशमाच्या इतिहासावरचं.

सुप्रभाबाई लंडनच्या एका दप्तरखान्यात जुनी कागदपत्रं वाचून टाइप करायच्या. अमेरिका इंग्रजांची वसाहत असताना सरकारने जॉर्जियातल्या लोकांना सांगितलं होतं, तुती लावा, रेशमाचे किडे पाळा, कोश आम्ही चढ्या भावाने घेऊ. लोकांनी राहत्या खोल्या किड्यांना दिल्या. पुढे सरकारने भाव पाडला आणि शेवटी हात झटकले. कोशांचे पैसे दिल्याच्या याद्यांत बहुतेक नावं पुरुषांची. पण सुप्रभाबाईंना एका बाईचा अर्ज सापडला. 'किडे मी पाळले, कोश नवऱ्याच्या नावावर चढले.' मग त्यांनी कागदांवरून एकेक घर ताडून पाहिलं. घरोघरी तेच. चार वर्षं लागली.

अर्चना तेव्हा पीएचडी करत होती. दर शनिवारी जेवायला यायची. "काकू, हे पुस्तक आपल्या दोघींचं हं." टिपणांच्या सगळ्या वह्या सुप्रभाबाईंनी आपल्या हातांनी तिच्या पिशवीत भरल्या होत्या.

आता अर्चना माइकवरून इंग्रजीत सांगत होती, "तो अर्ज मला सापडला, तो दिवस मी विसरणार नाही."

त्या दिवशी ती भावाच्या लग्नाला पुण्यात होती. अर्ज सापडल्याचं सुप्रभाबाईंनीच तिला फोन करून सांगितलं होतं.

त्यांनी आभाराचं पान उघडलं. प्राध्यापक, ग्रंथपाल, मित्रमंडळी. अगदी शेवटी, 'आणि पिनरच्या काकूंच्या पोह्यांसाठी.'

टाळ्या संपल्यावर त्या सहीच्या रांगेत उभ्या राहिल्या.

"काकू, कसं वाटलं?"

"अर्ज तुला सापडला होता?"

अर्चनाचं पेन थबकलं. "अहो, पब्लिशरला एकच ऑथर हवा होता. मी खूप ट्राय केलं. आणि तुम्हाला कुठे जॉबसाठी लागणार होतं ते?"

सुप्रभाबाईंनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. अर्चनाने घाईघाईने 'प्रिय' लिहिलं.

"काकू नको लिहूस. पूर्ण नाव घाल."

'सुप्रभा' लिहून ती थांबली. मागे लोक खोळंबले होते. तिने हळूच वर पाहिलं.

"काकू, सॉरी... तुमचं आडनाव काय हो?"

"देवस्थळी," सुप्रभाबाई म्हणाल्या, आणि ते नीट लिहून होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.