दारासमोरची जागा

तिने हॉर्नवर तळवा ठेवला आणि उचललाच नाही. समोरच्या फाटकातून बसवाले काका बाहेर आले ते एक चप्पल पायात आणि दुसरी हातात अशा थाटात.

"आलो, आलो. काढतो."

"काका, हे रोजचंच झालंय. तुमच्या फाटकाच्या आत गाडीला जागा आहे ना?"

"आहे की."

"मग माझ्या दारात कशाला लावता?"

काकांनी हातातली चप्पल खाली टाकली, तिच्यात पाय सरकवला आणि सरळ गाडीत जाऊन बसले. सारी नोकरी बस चालवण्यात गेलेली, त्यामुळे मागून कुणी ओरडलं की पुढे बघत राहायचं, हे अंगात मुरलं असावं. त्यांनी आपली करड्या रंगाची जुनी गाडी एका दमात उलटी घेतली आणि फाटकातून आत घातली. दोन्ही अंगांना जेमतेम पंज्याएवढी फट राहिली, पण कुठे घासलं नाही. ते कसब बघून तिचं डोकं आणखीच फिरलं.

मागच्या सीटवर बाबा डोळे मिटून पडले होते. आज डायलिसिसचा वार होता. त्या दिवशी ते सुई काढल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत कुणाशी बोलत नसत. गाडी दारात लागली की पाच-सहा पावलांत ते घरात पोचत, आणि तेवढीच पावलं त्यांच्यात उरलेली असत.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या नजरेची काळजी घेऊन संध्याकाळी तिचे स्वतःचे डोळे चुरचुरत. महिन्याभरापूर्वी मालकाने दुकानाच्या वेळा बदलल्या, ती घरी तासभर लवकर यायला लागली. तेव्हाच तिला पहिल्यांदा कळलं की आपली पाठ वळली की काका आपल्या जागेवर डल्ला मारतात. रस्ता कुणाच्या बापाचा नव्हता, हे खरं. पण ज्याच्या दारासमोर त्याची गाडी, हे गल्लीत न बोलता पाळलं जाई. कोपऱ्यावर दातांचा दवाखाना झाला आणि पेशंट लोकांनी त्या रिवाजाचं भुस्कट पाडलं. बाहेरच्यांचं एक वेळ समजून घेता येतं. शेजाऱ्याने असं करावं?

काका फाटक लावत होते. ती तरातरा त्यांच्यासमोर गेली.

"यापुढे माझ्या दारासमोर गाडी लावायची नाही. कधीच नाही. माझ्यात आता भांडायचंही त्राण नाही हो."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून आली तर दारासमोर एक पांढरी गाडी उभी. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन आली तेव्हा एक लाल. तिने गल्लीला दोन चकरा मारल्या आणि शेवटी पार दवाखान्याच्या पलीकडे, कोपऱ्यावर गाडी लावली.

बाबा तिच्या खांद्यावर हात टाकून निघाले. दर फाटकापाशी थांबत. थांबले की कुणाच्या तरी कुंडीकडे निरखून पाहत, जणू झाड बघायलाच थांबलो. तीही त्यांच्याबरोबर झाड बघे. एका फाटकात तर नुसती रिकामी कुंडी होती. दोघांनी तीही बघून घेतली. घरी पोचेपर्यंत बाबांचे ओठ पांढरे पडले होते. बूट काढताना ती त्यांच्या पायांशी बसली आणि नाडी सोडायच्या निमित्ताने बराच वेळ मान खाली घालून राहिली.

पुढच्या वारी पुन्हा तीच लाल गाडी, पुन्हा कोपरा. मात्र अर्ध्या वाटेवर, भिंतीच्या सावलीत एक प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. बाबा तिच्याकडे न बघता थेट खुर्चीवर टेकले. त्यांनी खुर्चीच्या हातांवर बोटं फिरवली.

"ही समोरच्याची," ते म्हणाले. "संध्याकाळी फाटकात घेऊन बसतो ती."

तिने तोंड वाकडं केलं. जागा बळकावून झाली, आता खुर्ची टाकून रस्ताही.

"तुमचं भांडण झालं का?" बाबांनी विचारलं. त्या वारी ते बोलले, याचंच तिला नवल वाटलं.

"भांडण कसलं? दारात गाडी लावू नका म्हटलं."

बाबांनी तिच्याकडे मान वळवली.

"तू सकाळी गेलीस की तो लावायचा. तू यायच्या जरा आधी काढून आत घ्यायचा. मग तू येईपर्यंत खुर्ची टाकून फाटकात बसायचा, कुणी घुसू नये म्हणून. घरी असलो की खिडकीतून रोज बघतो मी. दवाखाना झाल्यापासून चाललंय."

"बाबा! मग मला सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. दवाखाना होऊन वर्ष उलटलं होतं. वर्षभर संध्याकाळी दारासमोरची जागा मोकळी मिळायची आणि आपलं नशीब बरं म्हणून ती गाडी लावायची. तिला स्वतःची लाज वाटली, आणि इतकी थकली होती की लाज वाटून घ्यायचंही ओझं झालं.

बाबांना घरात निजवून ती खुर्ची आणायला परत गेली. खुर्ची उचलून समोरच्या फाटकाशी आली तेव्हा काका नळीने अंगण धूत होते. गाडी आत उभी होती, अंगण कमी आणि गाडीच जास्त धुतली जात होती. तिने वाटेत दोन-तीन वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

"काका, दुकानाच्या वेळा बदलल्यात," ती म्हणाली. "मी आता साडेसहाला नाही, साडेपाचलाच येते."

काकांनी नळ बंद केला. ओले हात लुंगीला पुसले.

"तरीच," ते म्हणाले. "मला वाटलं, माझं घड्याळच मागे पडायला लागलं."

ती हसली. तेवढ्यात तिच्या दारासमोरची लाल गाडी सुरू झाली. गाल सुजलेला एक माणूस ती घेऊन निघून गेला. दवाखान्यासमोर दुसरी एक गाडी वळण घ्यायच्या बेतात होती.

काकांनी तिच्या हातातून खुर्ची घेतली, रस्ता ओलांडला, तिच्या दारासमोरच्या रिकाम्या जागेत अगदी मधोमध ती ठेवली आणि वर बसले. वळणारी गाडी हॉर्न वाजवू लागली. काका पुढे बघत राहिले.

"जा, तुझी घेऊन ये," ते तिला म्हणाले. "सावकाश आण. मी आहे."

ती कोपऱ्याकडे निघाली. मागे हॉर्न वाजतच होता.