मालतीबाईंचं बोट, झांबियाची नोट

काकूंनी काकांची अकरा वर्षं शोधलेली नोट हळदकुंकू लावून बाद केली. तसं काही घडलेलं नाही. घडलं असतं तर काकूंना कळलं असतं, आणि त्यांना कळू द्यायचं नाही असं पाडव्याच्या सकाळी काकांचं आणि माझं ठरलंय.

माझे काका नरहरराव, भालकीचे निवृत्त भूगोल मास्तर. स्वतः लातूरच्या पुढं गेले नाहीत, पण आफ्रिकेच्या नोटा जमवतात. त्याही सह्यांप्रमाणे. चित्र तेच, रंग तोच. गव्हर्नर बदलला की खालची सही बदलते, आणि काकांना दोन्ही हव्या असतात.

"सही बदलली की नवी नोट व्हय?" मालतीकाकू म्हणायच्या. "उद्या मी साडी बदलली की नवी बायको म्हणताव का?"

झांबियाची एकच सही राहिली होती. ती दिवाळीत पोस्टानं आली. काका दोन दिवस भिंग घेऊन बसले. एकदा भिंग वरणात पडलं, तर वरण मोठं दिसलं म्हणून हसले.

लक्ष्मीपूजनाला काकूंनी ती नोट पाकिटातून काढून चौरंगावर मांडली. बोटानं हळद लावली, मग कुंकू. नेमकं सहीवर. चित्र नसलेली जागा तेवढीच होती.

पाडव्याच्या सकाळी काका नोट बघून खुर्चीत बसले ते बसलेच. या छंदात पेन्सिलीचा ठिपकासुद्धा चालत नाही.

"धुऊन बघू का?" मी विचारलं.

"गप बस, गिरिधर."

काकू चहा घेऊन आल्या. "कामून गप बसलाव? माझं काय चुकलं का?"

"न्हाई. हिची पूजा कामून केलीस, तेवढं सांग."

"दोन दिवस हसायलाव. लग्नापासून एवढं सलग हसलेलं न्हाई बघितलं मी. म्हटलं, आपल्या लक्ष्मीच्या आधी हिला कुंकू लावावं."

काकांनी चहा संपवला. नोट खिडकीशी धरली. कुंकवात काकूंच्या बोटाच्या रेषा बारीक उमटल्या होत्या. भिंग लावून त्यांनी त्या बराच वेळ पाहिल्या. काकू आत गेल्यावर मला कागद घ्यायला लावला.

"मा. गव्हर्नरसाहेब, मध्यवर्ती बँक, झांबिया यांसी. सौ. मालतीबाई, रा. भालकी, जि. बीदर, यांनी आपल्या सहीवर सही केलेली आहे. ती ग्राह्य धरून यापुढील सर्व नोटांवर त्यांच्या बोटाचा ठसा छापण्यात यावा. मानधनाची अपेक्षा नाही. ठसा घेण्यास अधिकारी पाठवताना दुपारी दोन ते चार ही वेळ टाळावी, त्या झोपलेल्या असतात, ही नम्र विनंती."