जिवंत टाकी

सांडपाण्याचा प्रकल्प सुरू झाल्याच्या एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी उमानाथ कोटियनने मोठ्या टाकीच्या कठड्यावर वाकून दीर्घ श्वास घेतला आणि त्याला बरं वाटलं. सडक्या अंड्यांचा वास पार गेला होता. आता ओल्या मातीचा येत होता. पाण्याचा रंग काथासारखा तपकिरी झाला होता आणि वर पांढरा फेस जेमतेम चार बोटं होता. विरजण लागावं तशी टाकी लागली होती.

मूडुकोडी गावाला मात्र ही टाकी म्हणजे फुकटची करमणूक होती. साऱ्या गावच्या मोऱ्या, संडास आणि खानावळी या टाकीत येऊन पडायच्या. खालून ब्लोअर हवेचे बुडबुडे सोडायचा आणि हा माणूस वरून रोज बादलीभर शेण, गूळ आणि उकड्या भाताची पेज ओतायचा. मासळी बाजारातल्या बायका त्याला मुद्दाम हाक मारून विचारायच्या, "उमण्णा, जेवली का रे तुझी टाकी?"

"जेवली," तो म्हणायचा. "तुमच्याच घरचं जेवली."

पंधरा वर्षं बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळलेला हा माणूस. पालिकेने त्याला कंत्राटावर घेतलं आणि बारा दिवस मंगळूरला शिकायला पाठवलं. तिथून तो एकच गोष्ट पक्की शिकून आला. घाण पाणी यंत्र साफ करत नाही, त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. घाण हेच त्यांचं खाणं. त्यांना हवा द्यायची, सुरुवातीला थोडं वरचं खायला घालायचं, आणि वाट पाहायची. महिना सव्वा महिना लागतो. मग गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी शेवटच्या छोट्या टाकीत जातं आणि तिथून पाइपाने नदीच्या मुखात.

त्या मुखाशीच गिरिजक्काचं पोट होतं. गिरिजक्का उमानाथची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, ते नदीच्या मुखात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, पायांनी चाचपून काढलेल्या तिसऱ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर. दोन वर्षांपूर्वी कासरगोडकडचा व्यापारी हमीद ब्यारी तिच्या तिसऱ्या घेईनासा झाला. माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं, "अक्का, तुमच्या नदीतला माल खाऊन माझी गिऱ्हाइकं दवाखान्यात जातात. मी काय करू?" तेव्हापासून ती आणि आणखी अकरा बायका दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी निवडायला जात होत्या.

टाकी सुरू झाल्यावर उमानाथनेच हमीदला फोन करून शब्द टाकला होता. दिवाळीनंतरच्या गुरुवारी ये, तिसऱ्या घेऊन जा, तपासून घे. पास झाल्या तर अख्खा हंगाम घे. हमीद हो म्हणाला, वर हेही म्हणाला, "एकदाच येईन हं. नापास झाल्या तर मला परत फोन करू नका."

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी उद्घाटन ठरलं. मंत्री येणार होते. प्रकल्प दीड महिना चालूच होता, पण मंत्र्याने बटण दाबल्याशिवाय आपल्याकडे काही सुरू होत नाही.

आधीच्या शुक्रवारी पालिकेचे अभियंता प्रभाकर आळ्व देवळातल्या उपाध्याय भटजींना घेऊन जागा दाखवायला आले. आळ्व सर इस्त्रीच्या कपड्यांचे आणि घाईचे. मोठ्या टाकीच्या भिंतीत चार दिवसांपूर्वीच काळ्या दगडाची शिळा बसवली होती. वर मंत्र्यांचं नाव, खाली आमदारांचं, त्याखाली नगराध्यक्षांचं आणि अगदी शेवटच्या ओळीत प्रभाकर आळ्व. भटजी शिळा वाचत वर चढले, टाकीत डोकावले आणि तीन पावलं मागे आले.

"आळ्व, गंगापूजन इथं करायचं?"

"हो. मंत्री दूध सोडतील, फुलं वाहतील, आरती होईल. पंधरा मिनिटांचं काम."

"यात?" भटजींनी उपरणं नाकाला लावलं. "अहो मारायरे, ह्याची आरती करायची म्हणजे... मला काही सांगू नका. मी करणार नाही."

आळ्व सरांनी मान हलवली. त्यांना हे पटलं होतं. ते उमानाथकडे वळले. "कोटियन, टँकर बोलवा. सोमवारपर्यंत टाकी रिकामी करून धुऊन घ्या आणि बोअरचं स्वच्छ पाणी भरा. ब्लीचिंग पावडर मारा थोडी, वास जाईल."

उमानाथला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"सर, मरतील सगळे."

"कोण?"

"आतले जीव. सव्वा महिना लागला तयार व्हायला."

"किडेच ना? येतील परत. घाणीला काय तोटा आहे गावात?"

"परत यायला महिना लागेल सर. तोवर सगळी घाण तशीच नदीत जाईल."

"इतकी वर्षं जातच होती की."

उमानाथने शेवटची छोटी टाकी दाखवली. पाणी तिथे निवळशंख होतं, तळाची फरशी दिसत होती. पूजा इथे करा, तो म्हणाला, पाणी खरंच साफ झालेलं आहे ते इथे दिसतं. आळ्व सरांनी त्याच्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहिलं.

"शिळा कुठे आहे?"

"मोठ्या टाकीवर."

"मग मंत्री पडदा कुठे ओढणार? पूजा एकीकडे, पडदा एकीकडे, मंडप तिसरीकडे? झालं बोलून. मी बेंगळूरला चाललोय, मंगळवारी मंत्र्यांबरोबरच येईन. आल्यावर मला टाकीत माझं तोंड दिसलं पाहिजे."

गाडी गेली. उमानाथला रडू आलं नाही, राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना म्हणून त्याने गुळाची ढेप फोडली आणि टाकीला त्या दिवशीचं खाणं घातलं.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. गिरिजक्का पडवीत जाळ्याची गाठ मारत बसली होती. त्याने सगळं सांगितलं. तिने फक्त दोन प्रश्न विचारले. टाकी धुतली तर गुरुवारी हमीदच्या तिसऱ्या पास होतील का? नाही. आणि भटाला छोटी टाकी चालेल का?

"चालेल बहुतेक. पण शिळा मोठ्या टाकीवर आहे ना, अक्का."

"शिळा काय आपली आपण चढून बसली तिथं? बसवली कुणी?"

"लाझरस मेस्त्रीने."

"मग त्यालाच विचार."

लोक गिरिजक्काला अडाणी म्हणत. ती शाळेत गेली नव्हती हे खरंच होतं.

शनिवारी उमानाथने भटजींना पुन्हा आणलं. छोट्या टाकीशी उपाध्याय बराच वेळ थांबले. कडेवरून पाणी सारखं सांडत होतं आणि पाइपाकडे जात होतं. त्यांनी खाली वाकून वास घेतला, ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं, पुन्हा सोडलं.

"हे तिकडचंच पाणी?"

"तिकडचंच. आपलं सगळ्यांचंच."

भटजींनी पंच्याला हात पुसले. दोनदा पुसले. मग म्हणाले, "वाहतं आहे. वाहत्या पाण्याला मी नाही म्हणणार नाही. आळ्वांनी विचारलं तर सांगीन, मीच जागा बदलली म्हणून."

रविवारी चर्चमधली मास प्रार्थना आटोपून लाझरस मेस्त्री चर्चच्या कपड्यांतच आला, पिशवीत जुना लेंगा आणि छिन्नी घेऊन. त्याने शिळेभोवतीच्या सिमेंटवर बोटाने टकटक केलं.

"उमण्णा, माझ्या हाताचं काम आहे. सहजासहजी निघणार नाही. निघालं असतं तर मला लाज वाटली असती."

"आज लाज वाटू दे."

"साहेबाचा हुकूम आहे का?"

"भटजींचा आहे."

"भटजींचा हुकूम मला कशाला सांगतोस? आमचा पाद्री वेगळा," लाझरस म्हणाला, पण लेंगा चढवला.

दोन तास लागले. वरच्या कडा सुटल्या, बाजू सुटल्या. खालची कड तेवढी धरून बसली होती. लाझरसने पहार घातली, उमानाथने वरून शिळा धरली, आणि कट्कन आवाज आला. शिळा सुटली. खालचा चार बोटांचा पट्टा मात्र भिंतीतच राहिला आणि दुसऱ्या घावाला त्याचे तीन तुकडे होऊन खाली पडले.

दोघांनी तुकडे जुळवून पाहिले. मंत्री, आमदार, नगराध्यक्ष शिळेवर शाबूत होते. तुकड्यांवर प्रभाकर आळ्व होता.

"येशू मारिये," लाझरस म्हणाला. मग त्याला हसू फुटलं आणि तो भिंतीला पाठ टेकून हसत राहिला. उमानाथला हसू आलं नाही. त्याने डिंकाने, मग सिमेंटने तुकडे चिकटवायचा प्रयत्न केला, ते पुन्हा पुन्हा गळून पडले. शेवटी लाझरसने छिन्नीने खालची कड सरळ करून घेतली. छोट्या टाकीच्या भिंतीत शिळा बसवली तेव्हा ती मुळात तेवढीच होती असं वाटत होतं. मंडपवाल्याला उमानाथने फोन करून सांगितलं, जागा बदलली आहे, भटजींनी सांगितलंय. मंडपवाल्याने कुरकुर केली आणि मंडप हलवला.

मंगळवारी आळ्व सर मंत्र्यांच्या मागच्या गाडीतून उतरले. मंडप भलतीकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण मंत्र्यांसमोर बोलता येईना. सगळं झटपट झालं. भटजींनी मंत्र म्हटले, मंत्र्यांनी दूध सोडलं, झेंडूची फुलं पाण्यावरून तरंगत कडेला गेली आणि खाली पडली. मंत्र्यांनी ओंजळभर पाणी उचललं, कॅमेऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा. एकदम स्वच्छ." पडदा ओढला. टाळ्या पडल्या. मंत्री शिळा वाचत म्हणाले, "छान काम. अभियंता कोण होते इथले?"

आळ्व सर पुढे झाले. "मी, सर."

मंत्र्यांनी शिळेकडे एकदा पाहिलं, आळ्व सरांकडे एकदा पाहिलं, "अच्छा," म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले.

गाड्या गेल्यावर आळ्व सर उमानाथसमोर येऊन उभे राहिले. त्याने तयारी करून ठेवली होती. हुकूम का मोडला, टाकी का धुतली नाही, या सगळ्याची उत्तरं त्याच्याकडे होती. आळ्व सरांनी मोठ्या टाकीकडे मानही वळवली नाही.

"माझं नाव कुठे आहे?"

उमानाथने पिशवीतून तुकडे काढून दाखवले. चुकून झालं, हे तो तीनदा म्हणाला. ते खरं होतं, आणि ऐकायला खोटं वाटत होतं. आळ्व सरांनी तुकडे घेतले नाहीत.

गुरुवारी हमीद आला. गिरिजक्काने त्याच्यासमोरच पाण्यात उतरून टोपली भरली, त्याने त्यातल्या तिसऱ्या बर्फात घालून नेल्या. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. अक्का, पास. सोमवारपासून टेम्पो पाठवतो. त्या सोमवारी बाराही बायका पाण्यात उतरल्या. गिरिजक्काने भावाला घरी बोलावून खोबरं घातलेलं तिसऱ्यांचं सुकं वाढलं, आणि तो जेवत असताना ती समोर बसून त्याच्याकडे पाहत राहिली. तिला त्याचा अभिमान वाटत होता. तिने त्याला दोनदा वाढलं.

उमानाथच्या शर्टाच्या खिशात तेव्हा पालिकेचं पत्र होतं. कंत्राट महिनाअखेर संपत आहे, पुढे वाढवण्यात येणार नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. त्याने तिला ते दाखवलं नाही. नंतर कधीतरी सांगू, असं त्याने ठरवलं आणि महिना संपेपर्यंत सांगितलं नाही.

पहिल्या तारखेला दुपारी तो घरीच बसलेला पाहून गिरिजक्का दारात थांबली. ओलं लुगडं अजून बदललं नव्हतं.

"आज टाकीवर नाही?"

मग त्याने सांगितलं. ती खाली बसली. तिने विचारलं, "तिथं आता कोण?"

"आळ्व सरांच्या बायकोचा भाचा. मोबाइलच्या दुकानात होता."

"त्याला येतं हे?"

"नाही येत."

"तू शिकवलंस?"

"मी कशाला शिकवू?" उमानाथचा आवाज चढला. सव्वा महिना नाकाशी घाण धरून जे उभं केलं ते दुसऱ्याच्या हातात गेलं होतं, आणि हा राग त्याला एवढे दिवस कुणासमोर काढता आला नव्हता. "नोकरी गेली माझी, अक्का! आता ती टाकी मरो नाही तर जगो, माझं काय अडलंय?"

"तुझं काही नसेल अडलं," गिरिजक्का म्हणाली. "माझं अडलंय."

ती उठली आणि तशीच ओल्या लुगड्याने रस्त्याला लागली. उमानाथने चपला घातल्या आणि तो तिच्या मागून निघाला.

प्रकल्पाच्या फाटकाशी पोचायच्या आधीच त्याला कळलं. ब्लोअरचा आवाज येत नव्हता. टाकीचा पृष्ठभाग सपाट झाला होता, एक बुडबुडा नव्हता. भाचा खुर्चीत बसून मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होता. ब्लोअरचा फार त्रास होतो, ऐकू येत नाही, म्हणून त्याने तासाभरापूर्वी बंद केला होता. दोन अनोळखी माणसं सरळ आत शिरलेली पाहून तो उभा राहिला.

"ओ, इथं यायला बंदी आहे. कोण तुम्ही?"

उमानाथ त्याच्या शेजारून पुढे गेला आणि त्याने ब्लोअरचा खटका दाबला. यंत्र घरघरलं. टाकीच्या तळातून बुडबुडे वर यायला लागले, आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे. तो वाकून वास घेत राहिला. तासभर झाला होता फक्त. अजून वेळ गेली नव्हती.

"कोण तुम्ही, विचारतोय मी," भाचा ओरडून म्हणाला.

"हा रात्रंदिवस चालू ठेवायचा," उमानाथ म्हणाला. "आधी एवढं शिक. नाव नंतर सांगतो."